पत्र्यावरचे दगड

मावशी दुकानात आल्या की आधी वर बघायच्या. बाकीचं गिऱ्हाईक मालाकडं बघतं, फार तर माझ्या तोंडाकडं बघून आज मी कितपत ऐकेन याचा अंदाज घेतं. मावशी दारातच थांबायच्या, मान मागं टाकून छताचे पत्रे या टोकापासून त्या टोकापर्यंत न्याहाळायच्या आणि मग विचारायच्या, "शेठ, वर काय ठिवलंय?"

"काही नाही, मावशी."

"मागल्या खेपंला टायर व्हता."

"काढला की."

यावर त्या वाद घालायच्या नाहीत. पिशवी काउंटरवर ठेवायच्या, रस्ता ओलांडून पलीकडच्या बांधावर चढायच्या, तिथून माझं छप्पर बघायच्या आणि परत येऊन शांतपणे म्हणायच्या, "काढला म्हणता, आन् टायर हाय तिथंच." दुकानातली माणसं हसायची. मीही हसायचो. पत्रे बसवायचं सामान विकणाऱ्याच्याच डोक्यावर टायर, दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. दोन वर्षं मी तो टायर असा तोंडानं काढत होतो. शेवटी एका दुपारी मावशी सिमेंटच्या गोणीवर बसूनच राहिल्या. मी शिडी लावून टायर खाली टाकला तेव्हा कुठं उठल्या.

विचारणाऱ्याला चटकन "हो, झालं" म्हणून वाटेला लावायचं, ही माझी जुनी खोड आहे. धंद्यात ती खपून जाते.

माझं हार्डवेअरचं दुकान डिंगोऱ्याच्या रस्त्याला आहे. खिळे, तार, दोरी, पाइप, पत्रे, रंग. मावशींची वस्ती तिथून वर, माळाला. नऊ घरं, सगळी एकाच भावकीची. एके काळी ही सगळी माणसं मेंढरांमागं फिरायची, आता कांदा आणि टोमॅटो करतात. मेंढरं दोनच घरी उरली होती, त्यातलं एक घर मावशींचं. साठी उलटलेली बाई, काष्टा घालायच्या, हातात कायम काठी. त्या माझ्याकडून एकच वस्तू न्यायच्या: पत्रा खालच्या लोखंडाला आवळून धरणारे हूक.

हुकाच्या डोक्याखाली रबराचा वायसर असतो, पाणी झिरपू नये म्हणून. मावशी तो दाताखाली धरून बघायच्या. एकदा कंपनीचा माणूस नवा माल दाखवायला आला होता, इस्त्रीचा शर्ट, गोड बोलणं. मावशींनी त्याच्यासमोरच नमुन्याचा वायसर चावला, दोन बोटांत ताणला आणि त्याच्या हातात परत दिला. "ह्यो एका उन्हाळ्यात उकलंल. आधी तुमच्या घरावर लावा, मंग हितं इकाया या." तो बिचारा मला म्हणाला, या कोण? मी म्हणालो, या आमच्या लॅबोरेटरी. पण तो माल मी घेतला नाही.

दुसऱ्या गिऱ्हाइकांनाही त्या सोडायच्या नाहीत. लेण्याद्रीच्या पायथ्याशी नारळाची टपरी असलेला एक जण सुतळी न्यायला आला होता.

"पावणं, टपरीवर काय ठिवलंय?"

"गणपतीची किरपा हाय, मावशे."

"किरपेच्या शेजारी?"

तो जरा थांबून म्हणाला, "दोन दगूड हायेत."

"दगूड उतरवा. किरपा ऱ्हाऊ द्या."

तुम्ही आमच्या भागातून गेला असाल तर पाहिलंच असेल. पत्र्याच्या घरावर दगड असतात, टायर असतात, मोडका पाटा, फुटका टीव्ही, जे जड असेल ते असतं. वजन ठेवलं की पत्रा उडत नाही, असं आम्ही सगळे धरून चालतो. साध्या वाऱ्यात ते खरंही आहे. खऱ्या वावधानात, वादळी वाऱ्यात, मात्र पत्रा एका बाजूनं उचलतो आणि वरचं सगळं घरात येतं. हे मला मावशींकडून कळलं, आणि त्यांना ते कसं कळलं होतं, हे मला पुष्कळ दिवस ठाऊक नव्हतं.

एकदा पाइप पोचवायला मी पिकअप घेऊन त्यांच्या वस्तीवर गेलो. मावशींनी चहा टाकला आणि मला दारात उभं केलं. "डोळं मिटा, शेठ. आन् बॅटरी काढा." मी चाचपडत आत गेलो आणि चटणीची बरणी पाडली. त्या मनापासून हसल्या. मग स्वतः डोळे मिटून दाखवलं. दाराच्या उजव्या हाताला खुंटी, खुंटीला बॅटरी, तिच्याखाली दोरी, दोरीखाली कोयता. कोनाड्यात पेढ्यांचा रिकामा डबा, त्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत आधार कार्ड, सातबारा, ब्लडप्रेशरच्या गोळ्या आणि कोरडी काडेपेटी. झाकलेला पाण्याचा हंडा, नळाला पाणी असो नसो, भरलेला. गॅसचा कॉक कुठल्या बाजूला फिरतो, हे त्यांनी खडूनं भिंतीवर काढून ठेवलं होतं. मेंढरं कोंडायची दोरीची जाळी, वाघर म्हणतात तिला, तिची गाठ अशी की एका हिसड्यात सुटावी. "वाघरीच्या गाठी सासऱ्यानं शिकवल्या. जनावराला आन् माणसाला भाईर पडाय येळ लागाय नाय पायजे." रोहिण्या निघायच्या आत त्या वस्तीतल्या सगळ्या बायांकडून ही उजळणी करून घेत. बाया हसत हसत करायच्या, पण करायच्या.

अंगणात जात्याची एक तळी पडली होती. मी सहज विचारलं, दुसरी कुठं आहे?

"फुटली," त्या म्हणाल्या. मग चहाचा कप माझ्या हातात देऊन समोर बसल्या. "वर व्हती ती. गिरणी आल्यापासनं जातं कोपऱ्यात पडून व्हतं. मालक म्हणालं, जातं कुटं घरावर ठेवत्यात का. मी म्हणलं, ठिवा, ह्या कोपऱ्याचा पतरा मंग हलायचा नाय. वावधान सुटलं तशी मी मेंढरं सोडाय गेले. जाताना त्यांला म्हणलं, त्या कोपऱ्यात बसा, तिथं लई वजन हाय." तळीकडं बघत त्या म्हणाल्या, "बसलं. माझं ऐकायचं ते."

वीस वर्षं मी पत्रे विकतोय. चहा पिऊन मी उठलो.

त्यानंतर टायर प्रकरणावर मी कधी हसलो नाही. आणि मावशींचं खरं काम काय आहे, ते मला दिसायला लागलं. वस्तीवरच्या प्रत्येक घराचे दगड उतरवायचे आणि हूक बसवायचे. कुणी ऐकायचं, कुणी महिनाभर टोलवायचं. मावशी शिडी घेऊन स्वतः चढायच्या. उतरवलेले दगड त्यांनी मेंढरं कोंडायच्या जागेभोवती रचले आणि त्याची चांगली कमरेएवढी भिंत झाली. तीन वर्षांत आठ घरं झाली. नववं राहिलं.

नववं घर त्यांच्या धाकट्या दिराचं, भिंतीला भिंत लागून. त्या घरात त्यांची सासू होती. अर्धं अंग गेलेली, बोलणं गेलेलं, खाटेवर पडून. खाटेच्या बरोबर वर पाच मोठे दगड होते. मावशींना ते रोज सकाळी दारात उभं राहिलं की दिसायचे.

दीर चढू देत नव्हता. म्हातारी त्याच्याकडं म्हणून घरचे देवही त्याच्याकडं. "सुनेनं सासूच्या आन् देवाच्या डोक्यावर नाचायचं?" असं तो चारचौघांत बोलला होता. एवढ्यावर थांबला असता तरी ठीक. भाऊ गेल्याचं दुःख त्यालाही होतं, आणि रागाच्या भरात तो बोलून गेला, "एक घर हिच्या हातानं बसलं, आता माझ्यावर आलीय." तेव्हापासून दोन्ही घरांत बोलणं नव्हतं. मावशी सासूला भेटायला त्या घरात जात, पण दीर शेतात गेल्यावर.

"शेठ, तुमी सांगा त्याला," त्या मला म्हणाल्या. "तुमचं ऐकतो तो. भावकीतलं कुणी सांगितलं तर उलटं धरंल. मधी भाईरचा माणूस पायजे."

त्यांचं खरं होतं. आमच्याकडं भावकीतला अबोला आपल्या आपण सुटत नाही. दोघांच्या मध्ये कुणीतरी तिसऱ्यानं पडावं लागतं, म्हणजे कुणाचीच मान खाली जात नाही. मी म्हणालो, सांगतो.

सांगितलं नाही. दीर माझं चांगलं गिऱ्हाईक होता. ठिबकच्या नळ्या, मोटारीचं सामान, सगळं माझ्याकडून. त्याच्या घरातल्या भानगडीत पडून त्याला कशाला दुखवा, असा मी विचार केला. त्या उन्हाळ्यात तो तीन-चारदा दुकानात आला, चहा पीत अर्धा अर्धा तास बसला. आम्ही टोमॅटोच्या बाजाराबद्दल बोललो. मावशी आल्या की विचारायच्या, बोललात का? मी म्हणायचो, या आठवड्यात बोलतो.

मग तो दिवस आला. त्याला आता दोन वर्षं झाली. सकाळी दुकानातल्या सगळ्यांचे मोबाइल एकदम कर्कश वाजले. समुद्रावरून वादळ येतंय, संध्याकाळपर्यंत आपल्याकडं पोचेल, घराबाहेर पडू नका. तासाभरात दुकानात पाय ठेवायला जागा उरली नाही. कुणाला ताडपत्री, कुणाला दोरी, कुणाला नुसतीच माझ्यावर ओरडायची घाई. मी दोरी मापत होतो. मावशी गर्दीच्या कडेनं आत आल्या. त्या दिवशी त्यांनी वर पाहिलं नाही.

"शेठ, बोललात का त्याला?"

माझ्या हातात दोरी होती, दोघे जण एकदम भाव विचारत होते. मी म्हणालो, "बोललो."

"काय म्हणाला?"

"हो म्हणाला. उतरवा म्हणाला दगड."

दुपारी फोन करून त्याला खरंच विचारून टाकू, म्हणजे बोललेलं खरं होईल, असं माझ्या मनात होतं. मावशी माझ्याकडं बघत राहिल्या.

"त्याच्या तोंडानं म्हणाला?"

"हो, मावशी."

त्या शेजारच्या गोणीवर क्षणभर बसल्या. मग उठून म्हणाल्या, "बरं झालं. हूक द्या." पिशवी घेऊन त्या वस्तीकडं इतक्या भराभर निघाल्या की काठी खांद्यावरच होती.

गर्दी ओसरल्यावर मी दिराला फोन लावला. लागला नाही. पुढं काय झालं ते मला मावशींच्या जावेनं, म्हणजे दिराच्या बायकोनं सांगितलं. दीर कांद्याची बराखी, साठवणीची चाळ, झाकायला रानात गेला होता. मावशी शिडी घेऊन आल्या आणि जावेला म्हणाल्या, "भाऊजींनी व्हय म्हणलंय." आधी त्यांनी देव काढायला लावले, सुपात ठेवून ओट्यावर आणले, म्हणजे देवांच्या वर पाय पडायला नको. सासूच्या पाया पडून म्हणाल्या, "आत्याबाई, वर चालतेय, माफी असावी." म्हातारीनं चालता हात उचलला. मग मावशी चढल्या आणि एकेक दगड खाली दिला. पाचही उतरले. हूक बसवायचे तेवढे राहिले होते, तेवढ्यात दीर आला.

तो खालून ओरडला, "कुणाला इचारून चढलीस?"

मावशींनी वरून त्याच्याकडं पाहिलं. मग म्हणाल्या, "कुणाला नाय. माझ्या मनानं चढले."

"आन् हिला म्हणलीस, मी व्हय म्हणलो?"

"खोटं बोलले."

त्या उतरल्या. हूक पिशवीतच राहिले.

वारा सुटला तेव्हा उजेड होता. खाटेच्या वरचे तीन पत्रे उडून गेले, एक तर चार शेतं ओलांडून सापडला. म्हातारी भिजली, पण तिच्या अंगावर पावसाशिवाय काही पडलं नाही. मावशी आणि जाऊ दोघींनी खाट ओढत मावशींच्या घरात नेली. त्यांच्या घराचा एकही पत्रा वाजला नव्हता.

यातून लोकांनी काय काढलं असेल? दगड असते तर पत्रे राहिले असते. माझ्या दुकानात उभं राहून लोक हे बोलत होते. "मावशी खोटं बोलून चढली आन् दिराचं घर उघडं केलं." मी समोर तार कापत होतो. त्या वेळी तोंड उघडलं असतं तर चार शब्दांचं काम होतं. मी गप्प राहिलो. याची मला लाज वाटते, आणि ती कमी होत नाही.

दीर नवे पत्रे माझ्याकडूनच घेऊन गेला. एका पत्र्याला हूक किती लागतात, हे त्यानं मला विचारलं. त्याचा रोख माझ्या ध्यानात आला, तरी मी विषय काढला नाही.

मावशी दुकानात आल्या नाहीत. त्या पावसाळ्यात त्यांच्याशी वस्ती फारशी बोलली नाही. दिवाळीच्या सुमाराला कळलं, त्यांची लेक लोणीला दिली आहे, ती येऊन त्यांना घेऊन गेली. मेंढरं विकली. पोटाचं दुखणं निघालं होतं.

माघात मी लोणीला गेलो. लेकीचं घर स्लॅबचं होतं. मावशी भिंतीला टेकून बसल्या होत्या, निम्म्या झाल्या होत्या. मला बघून हसल्या, लेकीला चहा ठेवायला सांगितलं. लेक आत गेल्यावर मी म्हणालो, "मावशी, मी बोललोच नव्हतो त्याच्याशी."

"म्हायतीय. त्यो खालनं वराडला तवाच कळलं."

"मग माझं नाव का नाही घेतलंत?"

"तुमचं गिऱ्हाईक तुटलं असतं." हे त्या चेष्टेनं म्हणाल्या की खरंच, मला कळलं नाही. मला रडू येत होतं. त्यांनी माझ्याकडं न बघता पदरानं पायावरची माशी हाकलली. "शेठ, मला वंगाळ नाय वाटलं. मालक गेल्यापासनं त्या घरातनं मला व्हय आलं नव्हतं. त्या दिशी शिडी चढताना गुडघं दुकलं नाय बगा. दगूड हलकं लागलं. खोट्यानं का व्हईना."

चहा आला. लेक पुन्हा आत गेली. मग त्या म्हणाल्या, "एक करा. आता मला कुटं चढायचं नाय. नुसतं इचारा त्याला. त्या वक्ती इचारलं असतं, तर काय म्हणाला असता? नाय म्हणला तरी चालंल. फोन करून सांगा मला."

मी म्हणालो, विचारतो.

या खेपेला माझ्या मनात खोट नव्हती. पण दिराला हे विचारायचं म्हणजे त्याच्यासमोर आधी आपलं खोटं सांगायचं. कांद्याची काढणी झाली की विचारू, म्हणालो. काढणी झाली. बाजार पडलाय, त्याचं डोकं ठिकाणावर नाही, दोन दिवसांनी विचारू. असे किती दोन दिवस गेले ते सांगण्यात अर्थ नाही. एका सकाळी वस्तीवरचा माणूस खिळे न्यायला आला आणि म्हणाला, "मावशी गेली, लोणीला."

दहाव्याला मी गेलो. दीरही आला होता, एकटाच मांडवाच्या कडेला बसला होता. मी त्याच्या शेजारी बसलो आणि सगळं सांगितलं. दुकानातलं, फोनचं, लोणीचं, काही राखलं नाही. तो खालचे खडे उचलून एका हातातून दुसऱ्या हातात घेत होता.

"व्हयच म्हणलो असतो, शेठ," तो म्हणाला. "चारचौघात नाय म्हणून बसलो व्हतो, आपल्या तोंडानं व्हय कसं म्हणायचं? कुणीतरी मधी पडावं म्हणून तुमच्या दुकानात येऊन बसायचो. म्हणलं, शेठ इशय काढतील. तुमी बाजारभावच काढायचा." त्यानं खडे टाकून दिले. "पतरं उडालं तवाच दिसलं मला. दगूड असतं तर आईच्या छाताडावर पडलं असतं. वयनीला सांगाय पायजे व्हतं. सांगाय कुणाला धाडू, ह्येच बघत ऱ्हायलो."

लेक चहाचा ट्रे घेऊन आली. मला ओळखून ती थांबली.

"मामा, आई शेवटपर्यंत रोज इचारायची, शेठचा फोन आला का, शेठचा फोन आला का. काय काम व्हतं तिचं?"

दीर माझ्याकडं बघत होता.

"तिला एक ‘हो’ सांगायचं होतं," मी म्हणालो.

तिला त्यातलं काही कळलं नाही. आमच्या हातात कप देऊन ती पुढच्या माणसाकडं गेली.